पास्त्यात तिसऱ्या का नाहीत?

२५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावर प्रवासी विमानं उतरायला लागली आणि आपल्यावर एक नवीनच जबाबदारी येऊन पडली. आतापर्यंत बाहेरगावचा मित्र मुंबईत उतरायचा, आणि फारच प्रेम असेल तर हार्बर लाइनने खाडी ओलांडून आपल्याकडे यायचा. आता तो थेट आपल्या दारात. बॅग टाकली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘खायला कुठे नेतोयस?’ आणि आपलं उत्तरही ठरलेलं, ‘इटालियनला जाऊया.’ थोडा भाव खायचा असेल तर ‘मेडिटरेनियन’.

जरूर न्या. माझी तक्रार इटालियन खाण्याबद्दल अजिबात नाहीये. तक्रार अशी आहे की, वाशीचं सेक्टर १७, सीवूड्सचा मॉल, बेलापूरचं सेक्टर १५, खारघर, कुठेही बसा, समोर येणारा मेन्यू तोच. व्हाइट सॉस, रेड सॉस, दोन्ही मिसळून पिंक सॉस, वर बेबीकॉर्न आणि चीजचा थर. या ताटात इटली जेमतेम सापडते, आणि नवी मुंबई तर सापडतच नाही. पाहुणा पाच-सातशे रुपये घालवून जे खातो ते त्याला त्याच्या गावच्या मॉलमध्येही मिळालं असतं. मग आपण त्याला दाखवलं काय?

इटालियन जेवण प्रत्येक शहरात वेगळ्या दाराने शिरलं. मुंबईत ते पंचतारांकित हॉटेलांमधून आलं, कफ परेडचं ‘ट्रॅटोरिया’ हे त्यातलं जुनं नाव. पुण्यात कोरेगाव पार्कात ते ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी मंडळींच्या मागे मागे आलं. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर इटालियन भटके येऊन राहिले आणि त्यांनी स्वतःच चुली मांडल्या. नवी मुंबईत असा इटालियनांचा गोतावळा कधीच नव्हता. १९९६मध्ये डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोघंही भारतात आले, आणि पुढच्या काही वर्षांत मॉल आणि होम डिलिव्हरीच्या वाटेने आपल्याकडे पोचले. म्हणजे आपली इटलीशी ओळख झाली ती अमेरिकेमार्फत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ओळख तिथेच थांबली याचं वाईट वाटतं.

कारण मूळ मामला भलताच वेगळा आहे. तुम्ही ज्याला व्हाइट सॉस म्हणता तो मैदा, लोणी आणि दुधाचा सॉस इटलीतही आहे, पण त्याची मुख्य जागा लझान्याच्या थरांमध्ये. ‘अल्फ्रेडो’ हे रोममधल्या एका खानावळवाल्याचं नाव. त्याच्या पास्त्यात लोणी आणि पार्मेजान, एवढंच. क्रीम नव्हतं. कार्बोनारातही क्रीम नसतं. अंडं, चीज, मिरी आणि खारवलेलं डुकराचं मांस, यांना पास्त्याच्या गरम पाण्याने एकजीव करायचं. इटलीच्या दक्षिणेला, आणि एकूणच भूमध्य समुद्राभोवती, रोजचं जेवण हे गरिबाचं जेवण होतं. डाळी-कडधान्यं, पालेभाज्या, जाडाभरडा पाव, ऑलिव्हचं तेल, जाळ्यात सापडेल तो मासा. मांस सणासुदीला. १९५८मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतल्या लोकांचा आहार आणि हृदयरोग यांचा अभ्यास सुरू केला. त्यात क्रीट बेटावरच्या कष्टकऱ्यांची हृदयं ठणठणीत निघाली, आणि मग ‘मेडिटरेनियन डाएट’ हा शब्द जगभर गेला. आज जिमवाला तुम्हाला तो शब्द ऐकवतो तेव्हा तो खरं तर एका शेतकऱ्याच्या फडक्यात बांधलेल्या भाकरीबद्दल बोलत असतो.

युनेस्कोने २०१०मध्ये भूमध्य आहाराला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, २०१७मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला, आणि १० डिसेंबर २०२५ला अख्ख्या इटालियन स्वयंपाकाला. ही शेवटची बैठक दिल्लीत लाल किल्ल्यात भरली होती आणि त्याच दिवशी आपली दिवाळीही यादीत गेली. तिकडे लझान्या, इकडे चकली, एकाच दिवशी. हे मला फार आवडलं.

आता या स्वयंपाकाचा एक साधा नियम आहे, जो कुठलाही इटालियन आचारी पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. जे जवळ पिकतं, जवळ पकडलं जातं, ते घ्या आणि त्याला जास्त छळू नका. हा नियम लावला तर इटालियन जेवणासाठी नवी मुंबईसारखी जागा शोधून सापडणार नाही. वाशी-तुर्भ्याला राज्यातली सगळ्यात मोठी बाजार समिती आहे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजी, असे पाच बाजार. नाशिकचा टोमॅटो, पुरंदरचं अंजीर, सोलापूरचं डाळिंब रात्री ट्रकमधून इथे उतरतं आणि मग मुंबईला जातं. झुकिनी आणि रंगीत ढोबळी मिरचीही इथूनच जाते. मुंबईतल्या रेस्टॉरंटना जी भाजी खाडी ओलांडून मागवावी लागते ती आपल्या रेस्टॉरंटना रिक्षाच्या अंतरावर आहे.

आणि परके वाटणारे शब्द जरा खरवडून बघा. बेझिल म्हणजे काय? फालुद्यात जो सब्जा घालतो ना, त्याचंच झाड. लेबनॉनचं ‘लबने’ म्हणजे श्रीखंडासाठी टांगलेला चक्का, फक्त साखरेऐवजी वर मीठ आणि तेल. बाबा गनूश हे वांग्याच्या भरताचं सख्खं चुलत भावंडं, शेंगदाण्याऐवजी तिळाची पेस्ट. फारो नावाचा गहू घातलेलं सॅलड महागड्या मेन्यूत दिसतं, तो फारो म्हणजे आपला खपली गहू. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्याची खीर करतात. सार्डिनियात बोय माशाची गाभोळी मिठात दाबून, वाळवून, पास्त्यावर किसतात आणि तिला बोत्तार्गा म्हणतात. गाभोळी! कोळीवाड्यातल्या कुठल्याही आजीला हे सांगा, ती म्हणेल, ‘मग त्यात काय एवढं?’

तिसऱ्यांचंही तेच. स्पॅगेटी आल्ले वोंगोले हा नेपल्सचा लाडका पदार्थ, म्हणजे तिसऱ्या, लसूण, तेल आणि शेवया. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, उरणचा किनारा, आपल्या तीन बाजूंना शिंपल्यांचा मुलूख. बेलापूरला किल्ले गावठाणापाशी दिवाळे कोळीवाडा आहे, सारसोळे आहे, करावे आहे, वाशीगाव आहे. मी पाहिलेल्या एकाही स्थानिक इटालियन मेन्यूत मात्र तिसऱ्या नाहीत. फ्रोझन कॅलामारी आहे, नॉर्वेचा सामन आहे. माकूल दिवाळ्यात ताजं मिळत असताना रिंग्जचं पाकीट कशाला?

याचं उत्तर फक्त आळस नाहीये. ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर वसवलं. शहर नोड आणि सेक्टरमध्ये आखलं गेलं, आणि गावठाणं त्या आखणीच्या फटीत राहिली. मॉल सेक्टरमध्ये, मासळीबाजार गावठाणात. दोघांमध्ये दहा मिनिटांचं अंतर आणि ओळख शून्य. आगरी-कोळी जेवण खायचं तर ‘वीकेंडला धाब्यावर’, आणि ‘चांगलं’ जेवायचं तर मॉलमध्ये, असे दोन कप्पे आपण डोक्यात करून टाकलेत. ज्या दिवशी पाम बीच रोडवरचा एखादा शेफ सकाळी दिवाळ्याच्या बाजारात मावशीशी भाव करताना दिसेल, त्या दिवशी या शहराला स्वतःचं इटालियन रेस्टॉरंट मिळालं असं मी म्हणेन.

जाता जाता एक गंमत. हे नातं तसं जुनंच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत कल्याण आणि सोपाऱ्याची नावं येतात. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात दारूचा उल्लेख आहे आणि इटलीच्या दारूला जास्त पसंती असं स्पष्ट लिहिलंय. उरणसमोरच्या घारापुरी बेटावर रोमन काळातल्या अँफोरांचे, म्हणजे तेल-दारूच्या दोन कानांच्या रांजणांचे तुकडे सापडलेत. तेव्हा ‘इटालियन म्हणजे काहीतरी नवीन’ असं कुणी म्हणालं तर त्याला घारापुरीची फेरी दाखवा.

आता मुद्द्याचं. पाहुणा आलाच आहे, खिशात दोघांचे मिळून हजार रुपये आहेत, तर जागा कशी निवडायची? नावांची यादी मी देणार नाही. सेक्टर १७ला पाटी बदलायला एक सेमिस्टर पुरतं. त्याऐवजी मेन्यू वाचायला शिका. चाळीस प्रकारचे पिझ्झा, त्यात एक तंदुरी पनीर, एक शेजवान, शिवाय त्याच पानावर मोमो आणि सिझलर, असं असेल तर तिथे काहीच ताजं होत नाहीये. मेन्यू जितका आखूड तितकी आशा जास्त. मग सगळ्यात साधा आणि बहुधा सगळ्यात स्वस्त पदार्थ मागवा. मार्गेरिटा पिझ्झा किंवा आल्यो ए ओलिओ. मार्गेरिटात लपायला जागा नसते. टोमॅटो, चीज, बेझिल आणि भाजलेली कणीक. कडेला करपलेले फोड आलेत का, सॉसला टोमॅटोची चव आहे का साखरेची, दोन घासांत कळतं. आल्यो ए ओलिओ म्हणजे लसूण आणि तेल. तेलात पोहणारा पास्ता आला तर समजा आत कुणाला पास्त्याचं पाणी वापरणं माहीत नाही. मेडिटरेनियन ठिकाणी हीच परीक्षा हम्मसने घ्या. तो गार दगड झालेला आहे, का मऊ, तिळाच्या वासाचा आणि लिंबाने उजळलेला? साध्या पदार्थात पास झालेल्या जागेवर दुसऱ्यांदा जा आणि मग महागडं मागवा.

कडक शाकाहारी असाल तर आणखी एक प्रश्न. अस्सल इटालियन पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात. आपल्याकडे शाकाहारी रेनेटची देशी चीज मिळतात आणि बरीच ठिकाणं तीच वापरतात, पण विचारून घ्या. शेजारच्या टेबलवर कुणी भुवया उंचावल्या तर उंचावू द्यात.

या भुवयांबद्दल थोडं बोलायलाच हवं. एका कॅफेत माझ्या ओळखीच्या उरणच्या मुलीने ‘ब्रुशेटा’ मागितलं आणि वेटरने हसून ‘ब्रुस्केटा, मॅडम’ अशी दुरुस्ती केली. बरोबरचे मित्रही हसले. तिने त्यानंतर ग्रुपमध्ये कुठेही ऑर्डर देणं बंद केलं. ‘मला चालेल काहीही,’ एवढंच म्हणते. घरी तिची आई वाकटीची आमटी करते ती खाऊन इटालियन माणूस रडेल, पण टेबलवर ती गप्प. किती जण असे गप्प बसतात बघा एकदा तुमच्या ग्रुपमध्ये. ब्रुस्केटा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला शिळा पाव, त्यावर लसूण चोळून तेल ओतलेला. शेतमजुराची न्याहारी. तिच्या नावावरून कुणाची जात ठरवावी इतकी ती मोठी नाही. आणि ‘ग्नोक्की’ म्हणायचं का ‘न्योक्की’ हे माहीत नसेल तर बोट ठेवून ‘हे काय असतं?’ असं विचारायचं. सांगता आलं नाही तर ती मेन्यू छापणाऱ्याची अडचण.

बिलाकडेही तसंच बोट ठेवायचं. रेस्टॉरंटवर जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. मोठ्या हॉटेलच्या ‘स्टुडंट ऑफर’वर भुलण्याआधी हे गणित करा. तिसरी ओळ ‘सर्व्हिस चार्ज’ची असेल तर ती तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला सांगितलं की, तो आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. १,२०० रुपयांवर १० टक्के म्हणजे १२० रुपये, म्हणजे वाशी ते बेलापूर किती फेऱ्या होतात मोजा. काढायला सांगा, काढत नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. वेटरने मन लावून वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या, ती त्याला मिळते.

मेडिटरेनियन म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला परवडतो तो शॉरमाच. तो मला मनापासून आवडतो, म्हणून जरा कडक बोलतो. मे २०२४मध्ये खाडीपलीकडे मानखुर्दला गाडीवरचा चिकन शॉरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा मुलगा गेला. आपल्याच वयाचा. विक्रेत्यांना अटक झाली. त्याआधी २०२२मध्ये केरळात कासारगोडला एक शाळकरी मुलगी अशीच गेली होती. शॉरम्याचा दोष त्याच्या रचनेतच दडलेला असतो. मांसाच्या उभ्या कोनाचा फक्त बाहेरचा थर आचेला असतो. गिऱ्हाईक भरपूर असेल तर थर शिजतो, कापला जातो, पुढचा शिजतो. गिऱ्हाईक तुरळक असेल तर आच मंद करतात, आतलं मांस तासन्‌तास कोमट राहतं, आणि उरलेला कोन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. कोमट मांस म्हणजे जंतूंसाठी हॉस्टेलची मेस. शिवाय मेयोनेज. कच्च्या अंड्याचं मेयो उन्हात ठेवलं तर काय होतं हे ओळखून केरळने २०२३मध्ये, तेलंगणाने २०२४मध्ये आणि तमिळनाडूने २०२५मध्ये त्यावर बंदी आणली. मूळ लेबनानी शॉरम्यात चिकनबरोबर ‘तूम’ असतो, म्हणजे लसूण, तेल, लिंबू आणि मीठ घोटून केलेला पांढरा सॉस, त्याला अंड्याची गरजच नसते.

तेव्हा गर्दीच्या वेळी, गर्दीच्या ठिकाणी खा. कापलेलं मांस पुन्हा तव्यावर परततायत का बघा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक लावलेला आहे का बघा. मेयो अंड्याचं का, हे विचारा. रात्री साडेअकराला एकट्या उभ्या गाडीवर कोनाचा शेवटचा बुडखा स्वस्तात मिळतोय, तो नका घेऊ. भूक लागली असेल तर शेजारी वडापाव असेलच.

आणि बजेट संपलंच असेल, तर पाहुण्याला घेऊन सकाळी दिवाळ्याला जा. तिसऱ्यांचा एक वाटा घ्या. वाणसामानाच्या दुकानातून रव्याच्या, मैद्याच्या नव्हे, स्पॅगेटीचं पाकीट. पाकिटावर ‘ड्युरम’ लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्या बन्सी रव्याच्या जातीचा गहू. तिसऱ्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, रेती खाली बसते. आपल्याकडे त्या विळीवर फोडतात, इथे ती मेहनत वाचते. रूमवर एकच इंडक्शन असेल तर आधी पास्ता उकळून घ्या, जरा कच्चा असतानाच उतरवा आणि वाटीभर पाणी राखून ठेवा. मग कढईत तेल, त्यात लसणाचे काप आणि एक सुकी मिरची, लसूण सोनेरी व्हायच्या आत तिसऱ्या टाकून वर झाकण. तीन-चार मिनिटांत शिंपल्या उघडतात आणि खारं पाणी सोडतात, त्यामुळे मीठ चाखूनच घाला. पास्ता आणि राखलेलं पाणी ओतून जोरात हलवा, पाणी आणि तेल मिळून दाट व्हायला लागलं की वर कोथिंबीर. ऑलिव्ह ऑइल नसेल तर शेंगदाण्याचं चालतं, कुणी इटालियन बघत नाहीये. ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत त्या मात्र फेकून द्या.